ब्रेकची कूळकथा

आमच्या अण्णांजवळ एक जुनी फिआट होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली आणि आमच्या दारी येईपर्यंत दोन मालकांच्या हाताखालून गेलेली. पावसाळा सरला आणि दिवाळीला कोकणात जाण्याचे ठरले, की एका रविवारी सकाळी अण्णा जुनी विजार चढवून गाडीखाली गोणपाट अंथरीत, चाकांमागे दगड लावीत आणि मला हाक मारीत. माझे काम एकच असे. चालकाच्या जागी बसून ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवावयाचा. बसल्या जागेवरून पाय पोचत नसे; म्हणून मी जवळजवळ उभाच राही.

"दाब," अण्णा खालून म्हणत. मी दाबी.

"धरून ठेव." पान्याची बारीकशी करकर होई आणि माझा पाय आपोआप खाली जाई. "उचलू नकोस हं!" पुन्हा पान्याची करकर. "आता सोड."

हा मंत्र एकेका चाकाला दहापंधरा वेळा म्हटला जाई. चाकामागच्या निपलला जोडलेली रबरी नळी औषधाच्या रिकाम्या बाटलीत सोडलेली असे. बाटलीच्या तळाशी थोडे तेल असे, आणि त्यातून बुडबुडे येत. बुडबुडे येणे थांबले, की ते चाक झाले. पेडलखाली अण्णा लाकडाचा एक ठोकळा ठेवीत. जुन्या सिलिंडरचा दट्ट्या नेहमी जेथवर जात नाही तेथे गंज चढलेला असतो. पेडल बुडाशी गेले तर रबराचा कप त्या गंजावर घासून फाटतो, म्हणून ही खबरदारी. एकदा मी "सोड" ऐकण्यापूर्वीच पाय उचलला. अण्णा रागावले नाहीत. गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "काढलेली हवा तू परत आत घेतलीस. आता पहिल्यापासून."

त्या दिवशी मी त्यांना विचारले, की ब्रेक लोखंडाचा, चाक लोखंडाचे, मग मध्येच ह्या हवेचे काय? ते म्हणाले, "हवा दबते, तेल दबत नाही. एवढेच."

हे "एवढेच" माणसाला उमगून मोटारीत कामी लावण्यास अडीचशेहून अधिक वर्षे लागली, हे मला पुष्कळ पुढे कळले.

ह्या कथेचा आरंभ मोटारीपाशी नाही. तो सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये, ब्लेझ पास्कल ह्या विलक्षण पुरुषापाशी आहे. गणित, तत्त्वचिंतन आणि धर्मश्रद्धा ह्या तिहींत सारखाच रमणारा हा मनुष्य अवघी ३९ वर्षे जगला. १६४८ साली त्याने आपल्या मेहुण्याकरवी पारा भरलेली नळी प्वी द दोम ह्या पर्वतावर नेऊन पाहिली आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो हे सिद्ध केले. द्रवांच्या समतोलाविषयीचा त्याचा ग्रंथ मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक साधे चित्र आहे. पाण्याने भरलेले बंद भांडे, त्याला दोन तोंडे, एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठे, आणि दोन्हींना घट्ट बसणारे दट्टे. लहान दट्ट्यावर एका माणसाने जोर लावला, तर मोठ्या दट्ट्यावर लावलेला शंभर माणसांचा जोर तो तोलून धरील, असे पास्कल सांगतो. अर्थात ह्यात चमत्कार नाही. जोर शंभरपट होतो, पण मोठा दट्ट्या सरकतो शंभरावा हिस्सा. निसर्ग उधार देतो, फुकट देत नाही.

पास्कल वारला त्याच वर्षी, १६६२ साली, इंग्लंडात रॉबर्ट बॉइलने आपला नियम प्रसिद्ध केला. बंदिस्त हवेवरचा दाब दुप्पट करा, तिचे आकारमान निम्मे होते. दोन देशांतील दोन माणसे, आणि दोघांचे शोध छापून प्रसिद्ध होण्यात जेमतेम वर्षाचे अंतर. त्यांना कल्पना नव्हती, परंतु मोटारीचा ब्रेक पास्कलच्या नियमाने लागतो आणि बॉइलच्या नियमाने दगा देतो.

हिशेबच करून पाहू. जोराने ब्रेक दाबला असता नळीतील दाब वातावरणाच्या शंभरपटीच्या घरात जातो. इतक्या दाबाखाली पाण्याचे आकारमान अर्धा टक्कासुद्धा कमी होत नाही. हवेचा बुडबुडा मात्र आकसून शंभराव्या हिश्श्याएवढा होतो. आता, पेडलच्या एका दाबाने मास्टर सिलिंडरचा दट्ट्या जेमतेम काही घनसेंटिमीटर तेल पुढे ढकलतो. तेवढाच बुडबुडा नळीत असेल, तर पायाची सारी मजल त्याला चेपण्यातच खर्ची पडते. पेडल स्पंजासारखे मऊ लागते, बुडाशी जाते, आणि चाकाला काही कळतच नाही. हवा दाब पोचवीत नाही असे नव्हे. आगगाडीचा ब्रेक तर हवेवरच चालतो. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली त्याचे पेटंट घेतले, आणि घाटात फुसकारे टाकीत उतरणारी एस. टी.ची गाडीही त्याच जातीच्या ब्रेकवर विसंबून असते. परंतु तेथे दाबलेल्या हवेचा साठा टाकीत तयार असतो. मोटारीत साठा नसतो. माणसाच्या पायाची चार बोटांची हालचाल हेच तिचे भांडवल, आणि ते बुडबुड्यावर उधळणे तिला परवडत नाही.

पास्कलच्या चित्राला यंत्राचे रूप आले ते १७९५ साली. लंडनचा कुलुपे बनविणारा कारागीर जोसेफ ब्रामा ह्याने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट घेतले. अडचण एकच होती. दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. घट्ट बसवावा तर दट्ट्या हलत नसे, सैल ठेवावा तर गळती. ह्यावर चामड्याची वाटीसारखी दुमडलेली कडी बसविण्याची युक्ती निघाली; तिचे श्रेय ब्रामाच्या हाताखालचा कुशल कारागीर हेन्री मॉड्स्ली ह्याला दिले जाते. आतला दाब वाढला, की ही वाटीच फुगून भिंतीला अधिक घट्ट चिकटते. ज्या शत्रूला अडवावयाचे त्याच्याच बळावर दार लावून घ्यावयाचे! आज गॅरेजमध्ये "मास्टर सिलिंडरचा कप गेला" असे आपण ऐकतो, तो कप ह्याच वाटीचा रबरी वंशज होय.

मोटार आली तेव्हा मात्र कोणाला पास्कल आठवला नाही. कार्ल बेंझने १८८६ साली आपल्या गाडीचे पेटंट घेतले, आणि दोन वर्षांनी, १८८८च्या ऑगस्टमध्ये, त्याची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरी निघाली. हा प्रवास सुमारे शंभर किलोमीटरांचा. उतारावर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजू लागले, तेव्हा तिने वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या इतिहासातील ब्रेकचे पहिले अस्तर एका गृहिणीने रस्त्यात उभे राहून बसवून घेतले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ब्रेकची दुरुस्ती मुळातच घरगुती.

पुढे १९०२ साली लुई रेनोने ड्रमचा ब्रेक आणला. त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. परंतु पेडलपासून चाकापर्यंत जोर पोचविण्याचे काम सळ्या, तारा आणि सांधे ह्यांच्याकडेच होते. तार ताणते, सांधा झिजतो, सळी वाकते. चारही चाकांना सारखा ब्रेक लागेल असे जुळविणे म्हणजे चार सुनांना सारखेच खूश ठेवण्यासारखे होते. एक चाक आधी धरले, की गाडी त्या अंगाला खेचलीच.

हे दुखणे ओळखून माल्कम लॉकहीड ह्या अमेरिकन गृहस्थाने सळ्याच काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी द्रवाने भरलेल्या नळ्या घातल्या. विमानांच्या कारखान्यामुळे ज्याचे आडनाव पुढे जगभर गाजले, त्या ॲलन लॉकहीडचा हा भाऊ. १९१७ साली त्याला पेटंट मिळाले. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग गाडीने चारही चाकांना असे ब्रेक लावले. परंतु ती श्रीमंतांची गाडी. १९२४ साली क्राइस्लरने मध्यम किमतीच्या गाडीत ते आणले, आणि गळक्या वाट्यांच्या जागी रबरी कप बसवून ही योजना व्यवहारात भरवशाची केली. द्रवातील दाब सर्व दिशांना सारखा असल्यामुळे चारही चाकांना न मागता न्याय मिळू लागला. हेन्री फोर्ड मात्र पोलादी सळ्यांवरचा विश्वास सोडीना. त्याच्या गाड्यांत हे ब्रेक १९३९ साली आले. त्याच्या हट्टाला आपण हसतो. पण त्याची शंका अगदीच पोकळ नव्हती. एका नळीला चीर पडली, की चारही चाकांचा ब्रेक एकदम जाई. ह्यावरचा उपाय, म्हणजे दोन स्वतंत्र मार्ग, सर्वत्र रूढ होण्यास १९६० नंतरचे दशक उजाडावे लागले.

त्या नळ्यांतून वाहत काय होते? आरंभी चक्क एरंडेल! खनिज तेलाने रबर फुगते, म्हणून वनस्पतीचे तेल घेतले आणि ते पातळ करण्यासाठी त्यात अल्कोहोल मिसळले. लहानपणी ज्याच्या नुसत्या वासाने आपण पळ काढीत असू, त्याने कितीएक मोटारींचे प्राण वाचविले आहेत. पुढे ग्लायकोल जातीचे द्रव आले, आणि आपण ज्याला सरसकट "ब्रेक ऑइल" म्हणतो ते वस्तुतः तेल नव्हेच. त्याचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले, की तो १४० पर्यंत उतरला तरी प्रमाणात बसतो. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक दाबीत उतरले असता चाकापाशी जी उष्णता होते, तिने हा ओला द्रव उकळतो, वाफ होते, आणि वाफ ही हवेसारखीच दबते. बाहेरून बुडबुडा आत आला नाही, तरी तो आतच जन्मतो. "ज्या गिअरात चढायचे, त्याच गिअरात उतरायचे," हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक आणि दर दोन वर्षांनी द्रव बदलण्याची शिफारस, ह्या दोन्हींच्या मुळाशी हे एकच कारण आहे. अण्णा दिवाळीपूर्वी हवा काढीत ते उगाच नव्हे. पावसाळा संपलेला असे आणि कुंभार्ली घाट पुढे असे.

येथवर प्रश्न होता ब्रेक लागण्याचा. तो सुटला, तेव्हा दुसरा उभा राहिला. ब्रेक फारच चांगला लागला तर? ओल्या रस्त्यावर चाक जागीच थिजते आणि गाडी घसरत जाते. फिरणे थांबलेले चाक वळत नाही; सुकाणू कितीही फिरवा, गाडी आपल्या नाकासमोरच जाते. जाणते चालक म्हणून पेडल एकदम न दाबता दाबून सोड, दाबून सोड असे करीत. ही पायाची कला. पण अपघाताच्या क्षणी कला आठवणारे पाय थोडेच.

ह्या प्रश्नाचे उत्तर प्रथम विमानांनी शोधले. १९५० नंतर डनलॉप कंपनीचे मॅक्सारेट हे यंत्र विमानांच्या चाकांत बसू लागले. त्यात वीज नव्हती की मेंदू नव्हता. चाकाबरोबर फिरणारे एक जड गतिचक्र होते. चाक अचानक मंदावले, की आपल्या वेगाने पुढे सरकणारे हे चक्र एक झडप उघडून ब्रेकचा दाब सोडून देई. १९६६ साली जेन्सन एफ. एफ. ह्या ब्रिटिश मोटारीत ते बसविले गेले. परंतु तशा गाड्या निघाल्या सुमारे ३२०. १९७१ साली अमेरिकेत क्राइस्लरच्या इंपीरियल गाडीला चारही चाकांसाठी इलेक्ट्रॉनिक योजना मिळाली. जर्मनीत मर्सिडीजने १९७० सालीच आपला प्रयोग जगाला दाखविला होता. मात्र त्यातील असंख्य सुटे विद्युत्भाग भरवशाचे ठरेनात. अंकीय इलेक्ट्रॉनिकी आली, भागांची संख्या घटली, आणि १९७८ साली बॉशने बनविलेली यंत्रणा मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत विक्रीस आली. तीच आजच्या ए. बी. एस.ची खरी पूर्वज. आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाक्यांनाही ती बंधनकारक झाली. एके काळी धनिकांच्या गाडीत असलेली वस्तू चाळीस वर्षांत दूध घालणाऱ्याच्या मोटारसायकलीपर्यंत येऊन पोचली.

आणि येथेच घरी हवा काढणाऱ्या माणसाच्या वाटेत एक बंद पेटी आली.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक चाकासाठी तिच्यात दोन झडपा असतात. पहिली एरवी उघडी असते. तिच्यातून द्रव मास्टर सिलिंडरकडून चाकाकडे जातो. दुसरी एरवी बंद असते. चाक थिजू लागले, की पहिली मिटते, दुसरी उघडते, थोडा द्रव मागच्या कप्प्यात सुटतो आणि एक छोटा पंप तो परत मागे ढकलतो. हे सारे एका सेकंदात अनेकदा घडते, म्हणून पेडल पायाखाली थरथरते. त्या थरथरीने घाबरून पाय उचलू नये, दाबूनच ठेवावा. आता पाहा, आपण घरी "दाब, धर, सोड" करतो, तेव्हा द्रव वाहतो तो उघड्या झडपेतून. बंद झडपेपलीकडच्या कप्प्यात तो जातच नाही. तेथे हवा नसेल, तर जुनी रीत आजही पुरते. तेथे हवा शिरली, तर शंभर वेळा दाबूनही ती बाहेर येत नाही.

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळाले असते तर बरे झाले असते. गेल्या दिवाळीपूर्वी मी आमच्या गाडीचा द्रव बदलावयास घेतला. मुलगी पेडलवर बसली होती. कामाचा क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावला होता, कारण नव्या गाड्यांत सर्वांत दूरचे चाक आधी हा जुना नियम सर्रास लागू पडत नाही. सारे यथासांग चालले होते. पण बोलण्याच्या नादात वरच्या डब्यातील द्रव केव्हा संपला ते आम्हां दोघांच्याही ध्यानात आले नाही. बाटलीत एकाएकी बुडबुड्यांची रांग लागली. डबा पुन्हा भरला, चारही चाके पुन्हा केली, नवी बाटली संपविली; पण पेडल खालीच जाई. दोनतीनदा भराभर दाबले, की वर येई. क्षणभर थांबले, की पुन्हा मऊ.

"चालेल ना बाबा? हळू जाऊ," मुलगी म्हणाली. सामान बांधून तयार होते, गावी तिची आजी वाट पाहत होती, आणि मध्ये घाट होता. खरे सांगतो, "चालेल" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. इतक्या वर्षांचा अनुभव, स्वतःच्या हातांचा अभिमान आणि चूक कबूल करण्याची लाज, तिन्ही मिळून तो शब्द पुढे ढकलीत होती. रिकाम्या रस्त्यावर जाऊन ए. बी. एस. मुद्दाम चालवावी, म्हणजे पंप फिरून हवा सुटेल, अशीही एक युक्ती सांगितली जाते. परंतु ज्या गाडीचा ब्रेक संशयास्पद आहे, तिला जोराने थांबविण्याचा प्रयोग करण्यासाठी आधी वेगात न्यावयाचे, ह्यातला विपरीतपणा मला त्याही घटकेस दिसला. आम्ही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गॅरेजमधला एक तरुण मेकॅनिक घरी आला. त्याने सुकाणूखालच्या खाचेत एक हातात मावणारे यंत्र जोडले, आणि पेटीतून घर्रर्र असा आवाज आला. यंत्राच्या हुकमाने बंद झडपा उघडल्या, पंप फिरला, कप्प्यातली हवा मुख्य वाटेवर आली. मला वाटले, झाले काम. तो हसून म्हणाला, "काका, अजून हाताने काढायचीच आहे. ताई, बसा पेडलवर." आणि गाडीखालून आवाज आला, "दाबा... धरून ठेवा..."

मी डबा घेऊन उभा होतो. ह्या खेपेस माझी नजर त्यातील द्रवाच्या पातळीवरून हलली नाही.

अण्णांच्या फिआटच्या जातीतली मुंबईतील शेवटची नोंदलेली टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या गाडीत जे होते ते सारे पान्याच्या पोचेत होते. आजच्या गाडीत थोडे असे आहे की जे आपल्या पोचेत नाही, आणि त्या थोड्यानेच ओल्या रस्त्यावर कितीतरी जणांना घरी आणून सोडले आहे. ह्याची खंत करावी असे मला वाटत नाही. मात्र आपला हात कोठवर पोचतो हे ठाऊक असावे, आणि तेथे थांबता यावे. हेच ब्रेकचेही काम.

आम्ही धनत्रयोदशीऐवजी नरकचतुर्दशीला पोचलो. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून मी पेडल एकदा दाबून पाहिले. ते अर्ध्या वाटेवर घट्ट उभे राहिले. मग चढलो होतो त्याच गिअरात उतरू लागलो.